हेक्टरी एक मिलिमीटर म्हणजे एक टँकर

प्रति,
मा. संपादक,
यांस, स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर गेल्या आठवड्यात माळरानावरील वृक्षलागवडीचे एक सविस्तर वृत्त आले होते. ‘ओसाड’ माळावर हेक्टरी अकराशे रोपे लावली जाणार असून प्रत्येक झाड वर्षाला २२ किलो कार्बन डायऑक्साइड शोषून घेईल, असे त्यात म्हटले होते. लावणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही आणि झाडांशी माझे वैर नाही. माझ्या अंगणातला कडुलिंब मीच लावलेला आहे. मात्र भौतिकशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला आकडा दिसला की तो उलटून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही, आणि हा आकडा उलटून पाहिल्यावर त्याच्या मागच्या बाजूला पाण्याचा जो हिशोब असायला हवा होता तो कुठेच दिसला नाही. सोलापूर जिल्ह्यात छापल्या जाणाऱ्या वृत्तात तरी तो असायला हवा होता, म्हणून हे पत्र.

पानाला कार्बन हवा असेल तर पाणी खर्चावे लागते, ही गोष्ट शालेय पुस्तकात असते, पण तिचे प्रमाण सहसा सांगितले जात नाही. पानावरील पर्णरंध्रे उघडली की त्यांतून कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि त्याच वाटेने आतली वाफ बाहेर पडते. बाहेरची हवा कोरडी आणि आतला पेशीसमूह ओला असल्याने कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू आत येईपर्यंत पाण्याचे काही शे रेणू निघून गेलेले असतात. हे दार एकच आहे, येणाऱ्याला वेगळे आणि जाणाऱ्याला वेगळे असे नाही. त्यामुळे कार्बनची जमा सांगून पाण्याचा खर्च न सांगणारा ताळेबंद अर्धाच असतो. कार्बनच्या जमेतही एक वजावट असते. झाड दिवसा जे घेते त्यातला मोठा हिस्सा झाडाच्या आणि मातीतल्या सूक्ष्मजीवांच्या श्वसनातून पुन्हा हवेत जातो, आणि खरी शिल्लक म्हणजे या दोहोंमधली वजाबाकी.

ही वजाबाकी झाडे मोजून करता येत नाही, पण वारा मोजून करता येते. हे तंत्र ज्यांनी जगभर रुजवले त्यांत कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाचे पर्यावरणशास्त्रज्ञ डेनिस बाल्डोकी यांचे नाव अग्रभागी आहे. सॅक्रामेंटो आणि सॅन होकीन या नद्यांच्या त्रिभुज प्रदेशातील अक्रोड-बदामाच्या शेतात वाढलेला हा माणूस पुढे शेतावरून वाहणाऱ्या हवेचा अभ्यासक झाला. १९८८ साली त्यांनी दोन सहकाऱ्यांसह या मोजणीची पद्धत परिसंस्थाशास्त्रज्ञांना समजेल अशा भाषेत मांडली, आणि १९९७ पासून जगभरातील अशा मोजणीच्या मनोऱ्यांना ‘फ्लक्सनेट’ या नावाने एका जाळ्यात बांधण्याच्या कामात ते पुढे राहिले.

पद्धतीचे तत्त्व अकरावीच्या मुलालाही समजावे इतके सरळ आहे. झाडांच्या शेंड्यांच्या वर एक मनोरा उभारायचा. त्यावर एक यंत्र श्राव्यातीत (कानांना ऐकू न येणाऱ्या) ध्वनीच्या साहाय्याने वारा कोणत्या क्षणी वर जातो आहे आणि कोणत्या क्षणी खाली येतो आहे हे सेकंदाला दहा किंवा वीस वेळा टिपते. शेजारचे दुसरे यंत्र त्याच क्षणी त्या हवेत कार्बन डायऑक्साइड आणि वाफ किती आहे, हे अवरक्त किरणांच्या शोषणावरून सांगते. रानावरची हवा सपाट वाहत नाही, ती लहानमोठ्या भोवऱ्यांनी वर-खाली होत असते. भर दुपारी खाली उतरणाऱ्या भोवऱ्यात कार्बन थोडा अधिक असतो. तोच भोवरा पानांना शिवून वर निघाला की त्यात कार्बन कमी आणि वाफ जास्त झालेली असते. रात्री कार्बनची दिशा उलटते. अशा हजारो भोवऱ्यांचा अर्ध्या तासाचा हिशोब जुळवला की त्या रानाने त्या अर्ध्या तासात काय घेतले आणि काय दिले ते कळते. यालाच ‘एडी कोव्हेरिअन्स’ म्हणतात. यंत्रणा निर्दोष नाही. शांत रात्री वारा पडला की श्वसनाची नोंद कमी येते, पावसात यंत्रे भिजतात, आणि उष्णतेच्या जमाखर्चात अनेक ठिकाणी दहा-वीस टक्क्यांची तूट राहते. पण एका झाडाचा बुंधा फुटपट्टीने मोजून त्यावरून सगळ्या माळाचे भाकीत करण्यापेक्षा ही मोजणी कितीतरी प्रामाणिक आहे, कारण तिच्यात झाड, गवत, माती आणि मातीतले जीव सगळे एकदम येतात.

बाल्डोकी यांच्या कामातील माझ्या मते आपल्या जिल्ह्याने वाचावा असा भाग म्हणजे सिएरा नेवाडाच्या पायथ्याशी, आयोन या गावाजवळ, दोन खासगी गुरांच्या रानांवर त्यांनी उभारलेली मनोऱ्यांची जोडी. व्हायरा रँच हे निव्वळ गवताचे कुरण. तिथला मनोरा जेमतेम दोन मीटरचा. तिथून काही किलोमीटरवर टोंझी रँच, जिथे त्याच गवतात ‘ब्लू ओक’ जातीची पानझडी झाडे विरळ उभी आहेत. तिथला मनोरा सुमारे वीस मीटर उंच. आकाश एक, पाऊस एक, जमीन जवळपास एक, फरक काय तो झाडांचा. २००० आणि २००१ या सालांत सुरू झालेली ही मोजणी वर्षानुवर्षे चालू राहिली. मला थांबवणारी गोष्ट ही की तिथले सरासरी वार्षिक पर्जन्यमान साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास आहे, म्हणजे जवळपास आपल्याइतकेच. कॅलेंडर मात्र उलटे. तिथला पाऊस हिवाळ्यात पडतो. आपली दिवाळी सरून माळावरची कुसळी पिवळी पडू लागते, नेमके त्याच सुमारास तिथले गवत उगवू लागते, आणि आपल्याकडे वळवाचे ढग जमू लागतात तेव्हा तिथले गवत वाळून कोळ झालेले असते.

आता आकडे. गवताच्या कुरणावरून वर्षाकाठी तीनशे मिलिमीटरच्या मागेपुढे पाणी वाफ होऊन जाते; ओकच्या रानावरून सुमारे चारशे. फरक ८० ते १०० मिलिमीटरचा. कागदावर तो किरकोळ वाटतो. परंतु एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे दहा हजार लिटर, अर्थात उन्हाळ्यात आपल्या गावांत येतो तो एक टँकर. म्हणजे झाडे असलेल्या प्रत्येक हेक्टरमागे दरवर्षी ८० ते १०० टँकर अधिक पाणी हवेत जाते. हा फरक साडेपाचशेशी ताडून पाहण्यात अर्थ नाही, शिल्लकेशी ताडून पाहिला पाहिजे. साडेपाचशेतून गवताने तीनशे खर्चले तर ओढ्याला, विहिरीला आणि खोल जमिनीत जायला ढोबळमानाने अडीचशे उरतात; त्या अडीचशेतून आणखी ८० ते १०० गेले म्हणजे शिल्लकेचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक गेला.

हे पाणी येते कुठून, याचाही छडा बाल्डोकी यांच्या गटाने लावला. गवताची मुळे उथळ. वरची माती सुकली की गवत मरते आणि खर्च थांबतो. ओकची मुळे मात्र मातीचा पातळ थर ओलांडून भेगाळलेल्या खडकात उतरतात, आणि कोरड्या उन्हाळ्यात झाड जे पाणी वाफ करते त्याचा मोठा भाग भूजलातून उपसलेला असतो. आपल्याकडे काळ्या कातळाच्या ज्या भेगांतून विहिरीला झरे येतात, त्याच भेगांत लागवडीतल्या सुबाभूळ आणि गिरिपुष्प यांची मुळे शिरणार आहेत, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. विहीर खोदणारा कोणताही वडार ते सांगेल.

आता कार्बनची बाजू, कारण वृत्ताचा सगळा भर तिच्यावर होता. ओकच्या रानाने वर्षाला दर चौरस मीटरला सरासरी शंभर ग्रॅमच्या आसपास कार्बन निव्वळ शोषला, म्हणजे हेक्टरी सुमारे एक टन. कार्बन डायऑक्साइडच्या भाषेत बोलायचे तर सुमारे ३.७ टन. गवताचे कुरण एखाद्या वर्षी घेते, एखाद्या वर्षी देते, सरासरीत जेमतेम बरोबरी साधते. तेव्हा झाडांनी कार्बन घेतला, हे खरेच आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु आपल्या वृत्तातील हिशोब मांडला तर अकराशे झाडे गुणिले २२ किलो म्हणजे हेक्टरी २४ टनांहून अधिक होतात. साडेपाचशे मिलिमीटर पावसाच्या रानात प्रत्यक्ष मोजलेल्या आकड्याच्या हा साडेसहापट आहे. ओकचे रान विरळ आणि वयस्क आहे, दाट व तरुण लागवड काही वर्षे अधिक वेगाने वाढेल, हे मान्य. पण वेगाने वाढायचे तर पर्णरंध्रे अधिक उघडावी लागतील, आणि मग टँकरही तितकेच वाढतील. कार्बनचा मोठा आकडा आणि पाण्याचा छोटा आकडा एकाच जमिनीवर एकत्र नांदू शकत नाहीत.

आणखी एक निष्कर्ष मी पहिल्यांदा वाचला तेव्हा दोनदा वाचावा लागला. ओकच्या रानावरची हवा शेजारच्या गवतावरच्या हवेपेक्षा थंड नव्हे, तर सुमारे अर्ध्या अंशाने गरम निघाली. कारण शोधले तर ते साधे आहे. वाळलेले गवत फिकट असते, ते ऊन परत फेकते. झाडोरा गडद असतो, तो ऊन गिळतो, आणि त्याच्या खडबडीत माथ्यावरून ती उष्णता हवेत सहज मिसळते. झाडाखालच्या सावलीत उभ्या असलेल्या माणसाला गारवा मिळतो हे खोटे नाही, पण सावलीतला गारवा आणि साऱ्या परिसराच्या हवेचे तापमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मे महिन्यात पहिला वळीव पडला की माळावर जो वास सुटतो त्याचे आपल्याला केवढे कौतुक. मी गच्चीवर पर्जन्यमापक ठेवून रोज सकाळी साडेआठला नोंद करतो, त्यामुळे त्या दिवशी हमखास माळाकडे पाय वळतात. भेगाळलेली माती पाणी पिताना बारीक बुडबुडे सोडते, वाळक्या कुसळीच्या बुडख्यांवर लाल मखमली किडे दिसू लागतात. डोळ्यांना दिसत नाही ती गोष्ट अशी की त्या पहिल्या ओलीसरशी मातीतले उपाशी सूक्ष्मजीव जागे होऊन साठलेल्या सेंद्रिय पदार्थावर तुटून पडतात आणि जमिनीतून कार्बन डायऑक्साइडचा एक लोंढा हवेत जातो. केनियात काम करणाऱ्या बर्च या मृदाशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात याचा अभ्यास केला, म्हणून याला त्यांचेच नाव आहे. बाल्डोकी यांच्या मनोऱ्यांनी तो लोंढा प्रत्यक्ष माळावर, अर्ध्या अर्ध्या तासाने मोजून दाखवला. गवताळ रानाचा कार्बन बहुतांशी जमिनीखाली असतो, ही यातली खरी गोम आहे. जेसीबीने सलग समतल चर खणून, मुरूम वर काढून, ती माती उलथीपालथी करून आपण लागवडीचा शुभारंभ करतो, तेव्हा त्या दिवशी ताळेबंदाच्या खर्चाच्या बाजूला पहिली नोंद होते. ती कोणी लिहीत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या गावाजवळच्या माळावर असेच चर खणले गेले होते. संस्थेचे नाव घेण्यात अर्थ नाही. फलक लागला, रोपांना दोन उन्हाळे टँकरने पाणी घातले गेले, आणि तिसऱ्या उन्हाळ्यात टँकर गावालाच पुरेना तेव्हा तेही बंद झाले. आज तिथे चरांच्या काठाने गिरिपुष्प तगून आहे, ज्याला शेळीही नाइलाजाने तोंड लावते. मारवेल आणि पवन्या ही गवते जिथे गुडघ्याएवढी होत त्या जागी घाणेरी माजली आहे, आणि पूर्वी मेंढरे घेऊन येणारे धनगर आता रस्ता बदलून जातात. माळढोकाचे नाव मी मुद्दामच घेत नाही. १९७९ साली ज्याच्यासाठी अभयारण्य झाले तो पक्षी आता शोधूनही सापडत नाही, आणि त्याची कहाणी निव्वळ झाडांची नाही.

कॅलिफोर्नियाचे आकडे उचलून सोलापूरला चिकटवू नका, असे कोणी म्हणेल, आणि ते म्हणणे रास्त आहे. तिथले गवत एकवर्षायू. आपली कुसळी, मारवेल, पवन्या ही बहुवर्षायू. शिवाय आपली गवते ज्वारीच्या कुळरीतीची आहेत, म्हणजे त्यांचे प्रकाशसंश्लेषण कमी पाण्यात अधिक कार्बन बांधणारे आहे. तिथे पाऊस थंडीत पडतो आणि झाडांच्या ऐन हिरवेपणाच्या काळात माती कोरडी होत जाते, आपल्याकडे ऊन आणि पाऊस एकाच हंगामात येतात. या फरकांमुळे आपल्या माळावरचा निकाल तिथल्यापेक्षा सौम्य निघेल की कठोर, हे तर्काने ठरणार नाही. आसामातील काझीरंगाच्या जंगलात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी तेजपूर विद्यापीठाच्या सहकार्याने असाच मनोरा उभारला, तेव्हा असे दिसले की ते जंगल सर्वाधिक कार्बन घेते ते मार्च ते मे या मोसमीपूर्व महिन्यांत. भर पावसाळ्यात ढगांमुळे ऊन कमी मिळते आणि शोषण घटते. चिंब पावसात हिरवेगार दिसणारे जंगल जास्तीत जास्त कार्बन खात असेल, असे आपण सगळ्यांनीच शपथेवर सांगितले असते.

म्हणूनच माझे म्हणणे एवढेच की आपल्या माळावर अशी जोडी उभी राहावी: एक मनोरा न खणलेल्या गवतावर, दुसरा त्याच पावसातल्या लागवडीवर, आणि दोन्हींच्या नोंदी किमान दहा वर्षे सर्वांना खुल्या. ज्ञान पुण्यातच आहे. बैतूलच्या सागवानी जंगलापासून सुंदरबनच्या खारफुटीपर्यंत असे मनोरे देशात उभे राहिले आहेत. याच जिल्ह्याच्या आभाळात काही वर्षांपूर्वी पुण्याच्या त्याच संस्थेने ढगांत बीजारोपण करून पाऊस किती वाढतो याचा शास्त्रशुद्ध प्रयोग केला होता. ढगातून जादा थेंब काढण्यासाठी विमाने उडवणाऱ्या प्रदेशाने जमिनीवरून परत जाणारे थेंब मोजण्याचीही तसदी घ्यावी, ही अपेक्षा अवाजवी नसावी.

मनोरे उभे राहीपर्यंत वाट पाहायची का, तर नाही. काही गोष्टी आजही करता येतात. २०२३ साली केंद्राने हरित श्रेय योजना अधिसूचित केली, आणि तिची जी कार्यपद्धती फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाली तिच्यात दर झाडाला एक श्रेय व हेक्टरी किमान अकराशे झाडे असा हिशोब होता. तो अकराशेचा आकडा आपल्या वृत्तात कुठून आला असावा याचा अंदाज यावरून येतो. राज्यात २०१६ च्या दोन कोटींपासून २०१९ च्या तेहेतीस कोटींपर्यंत लागवडीची उद्दिष्टे चढत गेली, तीही झाडांच्या संख्येतच. मोजमाप संख्येत असेल तर लागवड जिथे जागा मोकळी दिसते तिथे होणार, आणि मोकळी जागा म्हणजे सरकारी नकाशातले ‘पडीक’, म्हणजेच आपला माळ. ओढ्याच्या काठी करंज, उंबर, बांधावर बाभूळ आणि बोर, गावठाणात चिंच आणि वड, जिथे पूर्वी झाड होते आणि तोडले गेले तिथे झाड, याला कोणाचाच विरोध असणार नाही. गवताच्या माळाला मात्र चराईची पाळी ठरवून, वणव्यापासून राखून, गवत म्हणूनच राहू द्यावे. त्याला तशीही टँकरची गरज पडत नाही.

झाडाने सोडलेली वाफ वाया जात नाही, ती कुठेतरी पाऊस होऊन पडते, असा युक्तिवाद केला जातो आणि मोठ्या, सलग अरण्यांच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. पण चाळीस-पन्नास हेक्टरांच्या तुकड्यावरची वाफ आपल्याच विहिरीवर परत येईल, असे समजणे म्हणजे शेजारच्या तालुक्यात गेलेला टँकर कधीतरी वळून येईल म्हणून हंडे मांडून बसण्यासारखे आहे.

शेवटी आपल्याकडे एक विनंती. ‘एक झाड वर्षाला २२ किलो’ हा आकडा यापुढे छापायची वेळ आली तर तो कोणत्या जातीच्या, किती वयाच्या झाडाचा आहे आणि किती पावसाच्या मुलखात मोजलेला आहे, हे संबंधितांकडून विचारून घेऊन त्याच वाक्यात द्यावे, आणि त्या झाडाला वर्षाला पाणी किती लागते, हेही त्यांनाच विचारावे.

आपला नम्र,
एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक
उत्तर सोलापूर